पीकॉक ईल खात नाही : खाद्य बदलण्याआधी टाकी बघा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. चिपळूणजवळ घर, अडीच फुटी टाकी, त्यात सहा-सहा इंची, शेपटीकडे गोल ठिपके असलेल्या दोन पीकॉक ईल. आणून महिना होत आला तरी गोळी खाद्याला त्या तोंड लावत नाहीत. दिवसभर रंगीत खडीत डोकं खुपसून बसतात, नाहीतर फिल्टरच्या मागे जाऊन लपतात. एकीच्या पोटाखाली लाल चट्टा आलाय. दुसरी एका रात्री टाकीबाहेर पडली आणि वेळेत सापडली म्हणून वाचली. सोबत गप्पी मासे आहेत, दोन एंजल मासे आहेत. तुम्ही विचारलंय की त्यांना खायला काय घालू. आणि मामांना वलगणीत, म्हणजे पावसात मासे अंडी घालायला वर चढतात तेव्हा, मिळालेली वाम (आपल्या नदीतली काटेरी ईल) याच टाकीत सोडली तर चालेल का, हेही विचारलंय.

खाद्याचं उत्तर एका शब्दात देता येईल: गांडूळ. पण तेवढंच वाचून आज रात्री टाकीत गांडूळ टाकलंत तर बहुधा ते एंजल खातील आणि तुम्ही म्हणाल, ईल गांडूळही खात नाहीत. तुम्ही सांगितलेल्या चारही गोष्टी, म्हणजे न खाणं, लपणं, चट्टा आणि टाकीबाहेर पडणं, एकाच कारणाकडे बोट दाखवतात. त्या माशांना तुमच्या टाकीत निर्धास्त बसायला जागा नाही. या जातीचे मासे आधी निवारा शोधतात आणि तो मिळाला की मगच भुकेचा विचार करतात. मी कोकणातल्याच पाण्यावर हे मासे पाळते आणि दुसऱ्यांच्या टाक्याही बघते. ईल खात नाही अशी तक्रार येते तेव्हा मी आधी तळाला काय पसरलंय ते विचारते, खाद्याचं नंतर.

हा मासा जगतो कसा, ते आधी थोडं सांगते. पीकॉक ही काटेरी ईलांपैकी एक, आणि काटेरी ईल ही खरी ईल नव्हे. आपल्या नद्यांत अहीर म्हणतात तो खरा ईल. तो अंडी घालायला समुद्रात जातो. काटेरी ईलचं कूळ वेगळं, मॅस्टासेम्बेलिडी, आणि त्यातले मासे जन्मापासून मरेपर्यंत गोड्या पाण्यातच राहतात. काही जाती खाडीच्या तोंडाच्या किंचित मचूळ पाण्यातही सापडतात, पण म्हणून टाकीत कायम मीठ घालून ठेवायची गरज नाही. जुन्या दुकानदारांकडून तसा सल्ला मिळतो, तो सोडून द्या. पाठीच्या परापुढे सुट्या काट्यांची रांग असते, म्हणून नाव काटेरी. वाममध्ये हे काटे तीसच्या वर असतात आणि हाताला चांगले लागतात. डोळे बारीक. सगळा भरवसा नाकावर. वरचा ओठ पुढे येऊन छोट्या सोंडेसारखा झालेला असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नळीसारख्या नाकपुड्या असतात. दिवसा वाळूत शिरून फक्त हे टोक बाहेर ठेवायचं आणि काळोख पडला की तळ हुंगत फिरायचं, वाळूतल्या अळ्या, किडे, गांडुळं वेचायची, असा त्यांचा दिनक्रम.

आता तुमची टाकी या माशाच्या बाजूने बघा. तळाला कडक खडी, त्यात शिरता येत नाही, शिरलं तर अंग सोलतं. वर ट्यूबलाइट. खाद्य पडतं ते उजेडात, पाण्याच्या वरच्या थरात, आणि ते तळाला पोचायच्या आत एंजलने गिळलेलं असतं. खाली आलेली एखादी गोळी खडीच्या फटीत जाऊन कुजते. तिला जिवंत भक्ष्याचा वास नाही, हालचाल नाही. दुकानात येणाऱ्या या ईल बहुतेक नैसर्गिक पाण्यातून पकडून आणलेल्या असतात. गोळी हे अन्न आहे हे त्यांना कुणी शिकवलेलंच नाही.

पुढचं सगळं तुमच्याकडची ईल नक्की कुठली यावर अवलंबून आहे, म्हणून ते आधी ठरवा. पीकॉक ईल या नावाने साधारणपणे मॅक्रोग्नॅथस सियामेन्सिस ही जात विकली जाते. ती आग्नेय आशियातली, थायलंडकडची. फिकट तपकिरी अंग, डोळ्यापासून शेपटीकडे जाणारी एक फिकट रेघ आणि पाठीच्या पराच्या मुळाशी शेपटीच्या बाजूला डोळ्यांसारखे गोल काळे ठिपके. पूर्ण वाढली तर फूटभर, टाकीत बहुधा त्याहून थोडी कमीच. पण याच नावाखाली टायर ट्रॅक ईलची पिल्लंही खपवली जातात, आणि ती म्हणजे आपली वाम, मॅस्टासेम्बेलस आर्मेटस. तिच्या अंगावर नागमोडी, जाळीदार गडद पट्टे असतात. खात्रीची खूण शेपटीची. वाममध्ये पाठीचा आणि पोटाखालचा पर शेपटीच्या पराला सलग जोडलेला असतो, पीकॉकमध्ये शेपटीचा पर वेगळा दिसतो. वाम तीन फुटांपर्यंत वाढते. काळपट अंगावर लाल-नारिंगी रेघा असतील तर ती फायर ईल, तीही मीटरभर होते. तुमच्या वर्णनातले गोल ठिपके पीकॉकचेच वाटतात, पण शेपूट एकदा बघून घ्या. पीकॉक असतील तर सध्याची टाकी, म्हणजे साधारण ८०-९० लिटर पाणी, आत्ता चालेल. पुढे साडेतीन-चार फूट लांब आणि दीड फूट रुंद टाकी लागेल. उंचीचा या माशाला काही उपयोग नाही, तळाचं क्षेत्रफळ द्या.

पहिलं काम, खडी काढा. सगळी, एका दमात. तळ साफ करताना फिल्टरचा स्पंज मात्र नळाच्या पाण्याने धुऊ नका, टाकीतल्याच पाण्यात ठेवा, नाहीतर अमोनिया पचवणारे जिवाणू जातील आणि आधीच दमलेल्या माशांवर दुसरं संकट येईल. खडीच्या जागी बारीक, गोलसर कणांची नदीची वाळू, दोन-अडीच इंच जाडीची. सहा इंची माशाला अंग पूर्ण झाकायला एवढी पुरते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या मच्छरजाळीतून चाळून जाड खडे काढून टाका आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. वाळू योग्य आहे का हे हातानेच कळतं: ओली वाळू मनगटाच्या आतल्या बाजूला दाबून चोळा. ओरखडा उठला, टोचलं, तर ती माशालाही टोचणार. खदानीतली क्रश सँड याच कारणाने नको. ती काळा दगड फोडून केलेली असते, प्रत्येक कणाला धार असते, आणि ईलची त्वचा त्यावर रोज घासली की जखम होते, जखमेत जिवाणू शिरतात. तुमच्या ईलच्या पोटाखालचा लाल चट्टा खडीने असाच केला असावा.

किनाऱ्यावरची वाळू आणू का, हे कोकणात हमखास विचारलं जातं. आणू नका. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, तो पाण्यात हळूहळू विरघळतो आणि पाणी जड करतो. थोडी वाळू वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओता, बुडबुडे आले तर चुना आहे. रत्नागिरीच्या काही किनाऱ्यांवरची काळी वाळू दिसायला सुंदर असते, पण ती इल्मेनाइट नावाच्या लोह-टायटॅनियमच्या खनिजाची, वजनाला भारी असते. घट्ट बसणाऱ्या वाळूत ईलला शिरता येत नाही. जांभ्याचे तुकडे गुहा करायला ठेवायचा मोह होतो, कारण चिरे आपल्याकडे दारातच पडलेले असतात. जांभा पाणी बिघडवत नाही, पण त्याचा पृष्ठभाग खरबरीत आणि खाचांचा. या माशाला नको. नदीतले गुळगुळीत गोटे, प्लंबरकडचे इंचभर व्यासाचे पीव्हीसी पाइपचे तुकडे, किंवा उकळून, धार घासून काढलेली नारळाची करवंटी, यातलं काहीही द्या. दोन ईल असतील तर लपायच्या जागा निदान तीन हव्यात, आणि एकमेकींपासून दूर. एकच जागा ठेवलीत तर जी दांडगी ती आत आणि दुसरी फिल्टरमागे. वाळूत पुरलेल्या वनस्पती रात्रीत उपटून वर येतात, तेव्हा लाकडाला बांधलेली जावा फर्न किंवा अनुबियास लावा.

दुसरं काम उजेडाचं. ट्यूबलाइट दिवसाला पाच-सहा तासांवर आणा आणि पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतींनी निम्मा पृष्ठभाग झाका. टाकीची मागची आणि एक बाजूची काच बाहेरून काळ्या कागदाने बंद केलीत तर आणखी बरं. आपल्या परसात देशी बदामाचं झाड असतंच. त्याचं आपोआप गळलेलं, पूर्ण वाळलेलं एक मोठं पान धुऊन टाकीत सोडा. पाणी चहाच्या रंगाकडे झुकतं, उजेड मऊ होतो आणि मासे शांत होतात. वाळूत शिरायला मिळालं की ईल दिवसा मुळीच दिसणार नाहीत आणि तुम्हाला वाटेल मेल्या. वाळू उकरून शोधू नका. काही आठवड्यांनी, विश्वास बसला की, त्या संध्याकाळी उजेडातही तोंड बाहेर काढून बसतात. ते बघायला मिळणं हाच हे मासे पाळण्यातला मोठा आनंद आहे, पण तो मागून मिळत नाही.

झाकण. एक बाहेर पडली म्हणजे फट आहे, आणि ईल जाईल का असा प्रश्न पडावा एवढी बारीक फटही तिला पुरते. ती उडी मारते असं नाही, फिल्टरच्या पाइपला धरून चढते, नाकाने फट शोधते आणि अंग रेटते. काचेचं झाकण, त्यावर वजन, आणि पाइप-वायर जिथून जातात तिथे स्पंज कोंबलेला. पाण्याची पातळी काठापासून दोन-तीन इंच खाली ठेवा. नवा मासा पहिल्या काही रात्री आणि पाणी बदललं त्या रात्री सगळ्यात जास्त बाहेर पडतो.

एवढं झाल्यावर खाद्य. गांडूळ का, तर त्याचा वास पाण्यात दूरवर जातो, ते वाळूवर वळवळतं, आणि या माशाच्या तोंडाची ठेवणच असल्या लांबट, मऊ भक्ष्यासाठी आहे. पण कुठलं गांडूळ, याला कोकणात महत्त्व आहे. हापूसच्या बागेतलं नको. पावसाळ्यात झाडाच्या बुंध्याभोवती मातीत कल्टार हे मोहोरासाठीचं रसायन घातलेलं असतं, आणि मोहोर आला की तुडतुड्यांवर फवारे सुरू होतात, ते सगळं मातीत झिरपतं. पोफळीच्या आगरातल्या पाटाच्या कडेला भरपूर गांडुळं मिळतात, पण कोळे रोगासाठी तिथे बोर्डो मिश्रण मारत असतील तर तीही सोडा. बोर्डोत मोरचूद असतं, म्हणजे तांबं, आणि तांब्याचं या माशांना वावडं आहे. ज्या परसात काही फवारत नाहीत तिथली, जुन्या शेणाच्या गायरीच्या (शेणखताच्या खड्ड्याच्या) कडेची गांडुळं उत्तम. ताज्या शेणातली नकोत, आणि गुरांना नुकतं जंताचं औषध पाजलेलं असेल तर त्या गायरीतली काही दिवस घेऊ नका. गांडूळखताच्या खड्ड्यातली घेणार असाल तर जात बघा. अंगावर पट्टे असलेली लालसर आयसेनिया डिवचली की पिवळट कडू रस सोडते, काही ईल ती तोंडात घेऊन थुंकतात. जांभळट, मोठी आफ्रिकन जात, युड्रिलस, त्या आवडीने खातात.

आणलेली गांडुळं धुऊन रात्रभर ओल्या काथ्याच्या भुशात ठेवा, पोटातली माती निघून जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुवा. पीकॉकचं तोंड अगदी लहान असतं. गांडूळ तिच्या तोंडापेक्षा जाड असेल तर ती खेचाखेच करून सोडून देते, आणि आपण समजतो आवडलं नाही. बारीक गांडूळ निवडा आणि ब्लेडने सेंटिमीटरभराचे तुकडे करा. सुरुवातीला एक-दोन तुकड्यांऐवजी बारीक अख्खं, वळवळणारं गांडूळ द्या, हालचालीने ती लवकर येते.

देण्याची पद्धत खाद्याइतकीच महत्त्वाची. संध्याकाळी दिवे चालू असताना गप्पी आणि एंजलना टाकीच्या एका टोकाला पोटभर खायला घाला. मग दिवे बंद. तासाभराने, खोलीतलाही उजेड कमी करून, फिल्टर बंद करा, म्हणजे वास एका जागी राहील आणि गांडूळ ओढलं जाणार नाही. वाळूवर, ईलच्या लपण्याच्या जागेपासून वीतभर अंतरावर, एक मातीची पणती कायमची ठेवा. लांब नळीने किंवा लांब चिमट्याने गांडूळ त्या पणतीत सोडा. रोज तीच जागा, तीच वेळ. पंधरा-वीस मिनिटं हलू नका. बघायचंच असेल तर टॉर्चवर लाल कागद बांधा. आधी वाळूतून नाक वर येईल, ते डावी-उजवीकडे फिरेल, मग अंग सरकेल, आणि गांडूळ एका झटक्यात आत जाईल. फिल्टर पुन्हा चालू करायला विसरू नका. सकाळी पणतीत उरलेलं काढून टाका. पणती ठेवायची ती यासाठीच, नाहीतर उरलेलं वाळूत जाऊन सडतं.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी वाळू आणि काळोख, त्याच दिवशी झाकण, मग दोन दिवस पूर्ण शांतता, आणि तिसऱ्या रात्रीपासून जिवंत गांडूळ. उलट क्रमाने केलंत तर वेळ आणि गांडुळं दोन्ही वाया जातील.

गांडूळ नियमित खायला लागल्या की दुसरं खाद्य सुरू करा, एकाच खाद्यावर कायम ठेवू नका. बर्फातले ब्लडवर्म, म्हणजे गोठवलेल्या लाल अळ्या, सगळ्यात सोयीचे. ते वितळवून गाळून, पणतीत जिवंत गांडुळाच्या तुकड्यांबरोबर मिसळा आणि काही दिवसांत गांडूळ कमी करत न्या. त्यानंतर कोळंबी. बाजारात बारीक टायनी मिळते, ती सोलून, शिरा काढून, बारीक चिरून. ताजा जवळा मिळाला तर तो दोन-तीन वेळा गोड्या पाण्यात धुवा, पातळ थरात गोठवा आणि रोज लागेल तेवढा तोडा. आठवड्यातून एक-दोनदाच मात्र. काही जातींच्या कच्च्या कोळंबीत आणि तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांत थायमिनेज नावाचं विकर असतं, ते ब-१ जीवनसत्त्व मोडतं, आणि नुसतं तेच खाणारा मासा हळूहळू खंगतो. सुकट, सुका जवळा, सोडे यातलं काही घालू नका, भिजवूनही नको. त्यात मीठ असतं, बारीक रेती असते, आणि ईल ते खातही नाहीत. बांगडा-तारलीचे तुकडे तेलकट, पाण्यावर तवंग येतो. कोंबडीचं मांस या माशांना नीट पचत नाही. ट्यूबिफेक्स नावाचे बारीक लाल किडे ईल अधाशासारख्या खातात, हे खरं, पण ते गटारीच्या गाळातून काढलेले असतात. दुसरं काहीच मिळत नसेल तर वाहत्या पाण्याखाली दोन-तीन दिवस ठेवून, थोडेच द्या. डासांच्या अळ्या उत्तम खाद्य आहे, पण त्यासाठी पिंपात पाणी साठवून ठेवू नका, डेंग्यूचा डास अशाच पाण्यात वाढतो.

किती द्यायचं? एवढ्या लहान वयात रोज रात्री थोडं. फुटाच्या जवळ गेल्यावर एक दिवसाआड पुरे. मोजण्यापेक्षा पोट बघा. खाल्ल्यावर पोटाची रेघ हलकी गोल दिसावी, फुगवटा दिसू नये. गोळी खाद्य काही ईल पुढे शिकतात, बुडणारी मऊ गोळी ब्लडवर्मच्या पाण्यात भिजवून दिली तर. शिकल्या तर चांगलं, नाही शिकल्या तर त्यासाठी त्यांना उपाशी ठेवू नका.

पाण्याबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही शक्यता सांगते. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढायला हायपो घाला, प्रत्येक वेळी. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी असेल तर ते बहुधा मऊ आणि किंचित आम्लाकडे झुकणारं असतं. ईलला ते मानवतं. अडचण एवढीच की अशा पाण्यात सामू (पीएच) सांभाळून धरणारे क्षार कमी असतात. टाकीत घाण साठली की सामू झपाट्याने उतरतो, आणि तो ६ च्या खाली गेला की अमोनिया पचवणारे जिवाणू मंदावतात. म्हणून दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला, आणि तरीही सामू घसरत असेल तर फिल्टरमध्ये मूठभर स्वच्छ शिंपल्यांचा चुरा पिशवीत घालून ठेवा. वर किनाऱ्याची वाळू नको म्हटलं आणि इथे शिंपले घाला म्हणते, कारण पिशवी हवी तेव्हा काढता येते, तळ काढता येत नाही. मेमध्ये किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं, आणि पहिल्या मोठ्या पावसात गढूळ. त्या दिवसांत एकदम जास्त पाणी बदलू नका. ईलला पाण्यातला अचानक फरक नको असतो.

तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस चांगलं. आपल्याकडे हीटर क्वचितच लागतो, उलट मेमध्ये पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून हवेचा दगड जोरात ठेवा. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप आणि एक स्पंज फिल्टर घरात असूच द्या. बंद डब्याचा फिल्टर बराच वेळ बंद राहिला तर आतलं पाणी सडतं, वीज आल्यावर तो तसाच चालू न करता आधी टाकीच्या पाण्यात धुवून घ्या.

लाल चट्ट्याला आत्ता औषध नको. ईलचे खवले अतिशय बारीक असतात आणि त्वचा नाजूक, त्यामुळे तांबं, मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मेलिन असलेली औषधं इतर माशांच्या मात्रेत दिली तर आजारापेक्षा औषधानेच मासा जातो. पांढऱ्या ठिपक्यांसारख्या आजारात वापरावीच लागली तर निम्म्या मात्रेने सुरुवात करतात. तुमच्या बाबतीत खडी निघाली, पाणी स्वच्छ राहिलं आणि लिटरला एक ग्रॅम साधं, आयोडीन नसलेलं मीठ आठवडाभर राहिलं, तर असा ओरखडा बहुधा आपोआप भरतो. हे मीठ औषध म्हणून, तेवढ्यापुरतं. नंतर पाणी बदलताना ते निघून जाऊ द्या. ईल हलवायची वेळ आली तर जाळी वापरू नका, काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना त्वचा फाटते. प्लास्टिकच्या डब्यात पाण्यासकट घ्या.

सोबत्यांबद्दल. एंजल ईलला त्रास देतात असं नाही, पण खाण्यात नेहमी पुढे असतात. वर सांगितलेल्या पद्धतीने खाऊ घातलंत तर राहू द्या. गप्पींची पिल्लं ईल खाणार, मोठे गप्पीही पुढेमागे कमी होतील, ते दुसरीकडे हलवलेले बरे. ऑस्करसारखा दांडगा मासा कधीच आणू नका.

आणि मामांची वाम. ती नका आणू. तुमच्या टाकीत ती वर्षभरातच मावेनाशी होईल, आणि त्याआधी रात्री तिच्या तोंडात मावेल ते सगळं खाईल. वामची दुसऱ्या काटेरी ईलशी जागेवरून भांडणंही होतात. शिवाय वलगणीत चढणारा मासा अंडी घालायला निघालेला असतो. तो पऱ्ह्यातच, म्हणजे ओढ्यातच, राहिला तर पुढच्या पावसातही वाम दिसेल. तुम्हाला आपल्या नदीतली वाम पाळायचीच इच्छा असेल तर ती चांगली इच्छा आहे, पण त्यासाठी सहा फुटी, रुंद टाकी आणि तिच्यात एकटी वाम, अशी वेगळी तयारी करा. उलट बाजूनेही एक सांगते: ईल नको झाल्या तर वाशिष्ठीत किंवा घरामागच्या पऱ्ह्यात सोडू नका. पीकॉक ईल आपल्याकडची नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या पाण्यात ती आज कायमची रुजलेली आहे. दुकानात परत द्या, नाहीतर पाळणाऱ्या दुसऱ्या कुणाला द्या.

राहिला प्रश्न किती वाट बघायची याचा. चांगल्या अंगाची ईल वाळूत बसल्यावर आठवडाभर खाल्लं नाही तरी चालतं, घाबरू नका. पण आज रात्रीच टॉर्चने वरून बघा. डोक्यामागची मान डोक्यापेक्षा बारीक दिसत असेल, पाठ सुरीच्या कडेसारखी आणि पोट आत गेलेलं असेल, तर तिला एवढा वेळ नाही. तिला वेगळ्या ४०-५० लिटरच्या टबमध्ये घ्या: तळाला तीच वाळू, टाकीतलंच जुनं पाणी, स्पंज फिल्टर, वर घट्ट जाळीचं झाकण, दुसरा एकही मासा नाही. तिथे रोज रात्री दोनदा, अगदी बारीक जिवंत गांडूळ द्या, एका वेळी एकच. खात असूनही पंधरवड्यात अंग भरलं नाही तर आतड्यातले जंत असण्याची शक्यता आहे. तेव्हा अंदाजाने औषध न घालता माशांची माहिती असलेल्या पशुवैद्यांना विचारा. चट्ट्याचा आणि वरून घेतलेला मानेचा, असे दोन फोटो टाका, म्हणजे तुमची ईल यापैकी कुठल्या टप्प्यावर आहे ते मला सांगता येईल.